पट्टीवरची लोकल: पोस्टस्क्रिप्टमध्ये न लुकलुकणारे ॲनिमेशन

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या प्रीप्रेस (छपाईपूर्व तयारी करणाऱ्या) युनिटकडे आलेले काम दुहेरी होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी ठाणे–वाशी ट्रान्स-हार्बर मार्गाचा आडवा नकाशा हवा होता, लोकलच्या डब्यात दारावर असतो तसा: एक रेघ आणि तिच्यावर ओळीने स्थानके. हा नकाशा सहा फुटी फ्लेक्सवर छापायचा आणि शेजारच्या मॉनिटरवर त्याच नकाशात गाडी धावताना दाखवायची. शाळेची अट अशी की फाइल एकच असावी. नाव किंवा रंग बदलला तर तो दोन्हीकडे बदलला पाहिजे.

व्हिडिओ बनवून दिला असता तर हे प्रकरण घडलेच नसते. पण नकाशा मुळात हाताने लिहिलेल्या पोस्टस्क्रिप्टमध्ये होता, आणि पोस्टस्क्रिप्ट ही नुसती पानाचे वर्णन करणारी भाषा नाही. तिच्यात लूप आहे, अट आहे, घड्याळ आहे. पीडीएफमध्ये यातले काही उरले नाही. त्यामुळे 'गाडीचा आकडा वाढवत राहा आणि पुन्हा काढत राहा' एवढे सांगितले की गाडी चालते. युनिटमधल्या मुलाने ते अर्ध्या तासात करून दाखवलेही. मालकांनी पाहिले आणि म्हणाले, "अरे, गाडी धावतेय, पण ट्यूबलाइटचा स्टार्टर गेल्यासारखं होतंय."

साहित्य साधे: लिनक्सचा जुना पीसी, ६० हर्ट्झचा मॉनिटर, घोस्टस्क्रिप्ट हा पोस्टस्क्रिप्ट वाचून चालवणारा इंटरप्रिटर, आणि त्याचे एक्स-११ हे खिडकीत चित्र दाखवणारे डिव्हाइस. डेबियन किंवा उबुंटूच्या काही आवृत्त्यांत हे डिव्हाइस घोस्टस्क्रिप्ट-एक्स या वेगळ्या पॅकेजमध्ये येते. ते टाकले नसेल तर 'अनोळखी डिव्हाइस' असा संदेश येतो आणि माणूस उगाच फाइलीत चूक शोधत बसतो. रेझोल्यूशन ७२ आणि खिडकी १०२४ × ७६८ ठेवली. पोस्टस्क्रिप्टचे एकक इंचाचा ७२वा भाग असल्याने एक एकक म्हणजे बरोबर एक पिक्सेल. पुढचे सगळे गणित या एका निवडीवर उभे आहे.

आधी काय केले होते

पहिल्या फाइलीत प्रत्येक फ्रेमच्या शेवटी शोपेज हा ऑपरेटर, म्हणजे भाषेतली आज्ञा, होता. छापखान्यात वाढलेल्या माणसाला ते साहजिक वाटते, पण शोपेज तीन कामे करते: पान बाहेर देते, पान पुसते आणि ग्राफिक्सची स्थिती मूळपदावर आणते. तिसऱ्यामुळे सुरुवातीला एकदाच दिलेले ट्रान्सलेट (जागा सरकवणे) आणि स्केल (आकार बदलणे) दुसऱ्या फ्रेमपासून गायब होतात आणि नकाशा कोपऱ्यात जाऊन बसतो. शिवाय कमांड ओळीत नोपॉज हा पर्याय दिलेला नसेल तर घोस्टस्क्रिप्ट दर पानाला एंटर दाबण्याची वाट पाहते. कॉपीपेज वापरून पाहिले, तेही फसले. जुन्या पुस्तकांत कॉपीपेज पान पुसत नाही असे लिहिलेले असते. भाषेच्या लेव्हल ३ या आवृत्तीत ते पुसते, फक्त ग्राफिक्सची स्थिती तशीच ठेवते.

मग शोपेज काढून लूपमध्ये इरेजपेज (पान पांढरे करणे), नकाशा, गाडी, थोडे थांबणे असा क्रम लावला. मालकांना दिसलेला स्टार्टर हाच.

येथे बहुतेकांचे निदान चुकते. यंत्र हळू आहे, म्हणून लुकलुकते, असे वाटते आणि वेगवान पीसी आणला जातो. खरे कारण वेगळे आहे. गाडीखालचा एखादा पिक्सेल घ्या. एकाच फ्रेममध्ये तो गाडीच्या रंगाचा असतो, मग पांढरा होतो, मग पट्टीचा फिकट पिवळा, मग रुळाचा करडा आणि शेवटी पुन्हा गाडीच्या रंगाचा. मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी खिडकीत जे असेल ते उचलून दाखवतो. कधी त्याला पांढरे सापडते, कधी पिवळे. वेगवान यंत्राने या मधल्या अवस्था आखूड होतात, नाहीशा होत नाहीत. म्हणून नियम एवढाच: डोळ्यांसमोरच्या पिक्सेलचा रंग एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त एकदाच बदलावा. पुढचा प्रत्येक उपाय या कसोटीवर तपासला.

निदानाची खात्री करायला सोपी युक्ती आहे. इरेजपेज, नकाशा आणि गाडी या तिन्हींच्या मध्ये प्रत्येकी एक सेकंद थांबा आणि दर वेळी फ्लशपेज द्या. वेगात जे झपकन जाते ते मंद गतीत उघडे पडते. फ्लशपेज हा घोस्टस्क्रिप्टचा स्वतःचा ऑपरेटर आहे, मूळ भाषेतला नाही. साठवून ठेवलेले रंगकाम तो पडद्यावर ढकलतो. तो नसला की दोन-चार फ्रेम एकदम येतात आणि गाडी उड्या मारते. दुसऱ्या इंटरप्रिटरवर फाइल अडू नये म्हणून सुरुवातीलाच तो सिस्टीमडिक्ट या अंगभूत नावांच्या कोशात आहे का हे नोन या ऑपरेटरने विचारावे आणि नसेल तर त्या नावाची रिकामी प्रोसीजर ठेवावी.

दोन अर्धे उपाय

मॅक्सबिटमॅप हा पर्याय कमांड ओळीत मोठा दिला की एक्स-११ डिव्हाइस चित्र आधी मेमरीत रंगवते आणि मग खिडकीत उतरवते. आकडा संपूर्ण खिडकीच्या बिटमॅपपेक्षा मोठा हवा. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर १०२४ × ७६८ × ४ म्हणजे ३१,४५,७२८ बाइट. एक कोट दिला की निश्चिंत. लुकलुक बरीच कमी झाली, पण गाडी अडखळू लागली. बफर मधल्या अवस्था झाकतो, कष्ट कमी करत नाही: दर फ्रेमला अख्खा नकाशा नव्याने रंगवला जात होता.

आणि हा नकाशा जड होता, कारण नावे मराठीत होती. पोस्टस्क्रिप्टचा शो ऑपरेटर अक्षरे दिली त्या क्रमाने एकामागे एक ठेवतो. जोडाक्षर, वेलांटी, रफार यांची त्याला समज नाही. 'दिघा' मधली पहिली वेलांटी युनिकोडमध्ये द नंतर येते पण दिसते आधी. 'तुर्भे' मधला रफार भ च्या डोक्यावर चढतो. म्हणून नावे आधीच आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या कडांच्या वक्ररेषांत, बदलून घेतली होती. फ्लेक्ससाठी हे उत्तमच, पण प्रत्येक नाव म्हणजे शेकडो वक्रबिंदू, आणि ते सेकंदाला पंचवीस-तीस वेळा भरायचे.

दुसरा उपाय क्लिपचा, म्हणजे रंगकाम ठरावीक चौकटीपुरते मर्यादित ठेवण्याचा. पान पुसायचेच नाही. गाडी दर फ्रेमला २ पिक्सेल उजवीकडे जाते, तर आधी नव्या जागी गाडी काढायची आणि मग तिच्या शेपटीमागे उघडी पडलेली २ × १४ पिक्सेलची चीर तेवढी क्लिप करून तेथे नकाशा पुन्हा रंगवायचा. क्रम महत्त्वाचा: आधी गाडी, मग चीर. उलटे केले तर गाडी शेपटीकडून कुरतडल्यासारखी दिसते.

कल्पना सुंदर, पण तिने दोन दुखणी आणली. गाडीच्या खिडक्या अंगावर नंतर रंगवल्या जात, म्हणजे तेथले पिक्सेल फ्रेममध्ये दोनदा बदलत आणि खिडक्याच लुकलुकत. यावर इलाज आहे: अंगाला खिडक्यांच्या जागी भोके ठेवून ईओफिल या आतली भोके मोकळी सोडणाऱ्या ऑपरेटरने भरायचे आणि खिडक्या त्या भोकांत वेगळ्या. दुसरे दुखणे चिवट. पोस्टस्क्रिप्टच्या नियमानुसार आकार ज्या पिक्सेलला जरासा जरी शिवतो तो पिक्सेल रंगतो. जागा १००.३ अशी अपूर्णांकात असेल तर २ रुंदीची चीर ३ पिक्सेल घेते. ग्राफिक्सअल्फाबिट्स हा पर्याय ४ ठेवून कडा गुळगुळीत केल्या असतील तर काठाचा अर्धवट रंग दर फ्रेमला साचत जातो आणि गाडीमागे धुरकट रेघ उरते. जागा पूर्ण पिक्सेलवर बसवण्याची जुनी रीत म्हणजे ट्रान्सफॉर्मने ती पिक्सेलच्या मापात नेऊन दोन्ही आकडे राउंड करायचे आणि आयट्रान्सफॉर्मने परत आणायचे. तिने काम झाले, तरी त्या चिरेसाठी इंटरप्रिटर संपूर्ण नकाशाची यादी वाचतच होता. क्लिपबाहेरचे रंगत नाही एवढेच.

पूर्वी पडद्यावर चित्र हलवायला एक्सॉरची (बिट उलटवण्याची) युक्ती वापरत, तेच दुसऱ्यांदा काढले की पुसले जाई. पोस्टस्क्रिप्टचा रंग अपारदर्शक असतो, वरचा खालच्याला झाकतो. ती वाट येथे बंद आहे.

टिकलेला उपाय

गाडी फक्त एका आडव्या पट्टीत हलते. मग ती पट्टी मेमरीत पूर्ण तयार करायची आणि एकाच इमेज ऑपरेटरने उतरवायची. त्यामुळे प्रत्येक पिक्सेल फ्रेममध्ये एकदाच लिहिला जातो आणि कसोटी आपोआप पाळली जाते.

आकडे येथे नशिबाने जुळले. घोस्टस्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगची, म्हणजे बाइटांच्या एका सलग माळेची, पारंपरिक मर्यादा ६५,५३५ बाइट. पूर्ण पान १०२४ × ७६८ × ३ म्हणजे २३,५९,२९६ बाइट, ते एका स्ट्रिंगमध्ये मावत नाही. पण १४ ओळींची पट्टी १०२४ × १४ × ३ म्हणजे ४३,००८ बाइट, आरामात मावते. याच रुंदीला २१ ओळींपर्यंत जाता येते, २२ ला मर्यादा ओलांडते. म्हणून गाडीची उंची १४ धरली आणि स्थानकांचे गोल १२ व्यासाचे केले, म्हणजे तेही पट्टीच्या आत. नावे पट्टीच्या वर ठेवली. ती एकदा रंगली की त्यांना पुन्हा हात लागत नाही.

पार्श्वभूमी मिळवायला नकाशा एकदा पीपीएमरॉ या पिक्सेलचे रंग जसेच्या तसे लिहिणाऱ्या डिव्हाइसने त्याच ७२ रेझोल्यूशनवर फाइलीत उतरवला. या फाइलीच्या सुरुवातीला चार ओळी असतात: प्रकार, घोस्टस्क्रिप्टने घातलेली टिप्पणी, रुंदी-उंची आणि २५५. त्या रीडलाइन या ओळ वाचणाऱ्या ऑपरेटरने ओलांडायच्या. टिप्पणीची ओळ विसरून तीनच वाचल्या की सगळे बाइट सरकतात आणि चित्राचे रंग उधळतात. पुढे प्रत्येक ओळ ३,०७२ बाइटची, वरून खाली. पट्टी पानावर खालून ३७८ ते ३९२ या उंचीत आहे, म्हणजे वरून ३७६ ओळी सोडायच्या आणि पुढच्या १४ घ्यायच्या. एका ओळीची गफलत झाली तर रूळ पट्टीच्या कडेला तुटलेला दिसतो. चूक ओळखायला हीच खूण. घोस्टस्क्रिप्ट ९.५० पासून फाइली वाचण्यावर मुळातच बंदी असते, त्यामुळे या फाइलीला कमांड ओळीत वाचनाची परवानगी द्यावी लागते.

गाडी ९० × १४ ची. तिचेही बाइट तसेच काढले: प्रत्येक ओळ २७० बाइट, अशा १४ स्ट्रिंगांचा ॲरे. आधी गाडीचे नाक गोल होते. गोल कडेचे पिक्सेल मागच्या पांढऱ्यात मिसळून तयार झाले होते, त्यामुळे पिवळ्या पट्टीवर गाडीला पांढरी झालर आली. नाक चौकोनी केले, झालर गेली. पडद्यावर फरक कोणाच्या लक्षातही येत नाही.

सुरुवातीला पार्श्वभूमीची आणि कामाची अशा दोन स्ट्रिंगा एकदाच तयार ठेवल्या. मग दर फ्रेमला तीन गोष्टी. कॉपीने पार्श्वभूमी कामाच्या स्ट्रिंगवर उतरवायची. चौदा वेळा पुटइंटर्व्हलने (एका स्ट्रिंगमध्ये दुसरी बसवणारा ऑपरेटर) गाडीच्या ओळी बसवायच्या. पट्टीच्या जागी इमेज आणि लगेच फ्लशपेज. बसवण्याची जागा म्हणजे ओळीचा क्रमांक गुणिले ३,०७२ अधिक आडवी जागा गुणिले ३. ओळी शून्यापासून मोजायच्या. तिसरी ओळ, म्हणजे क्रमांक २, आणि आडवी जागा १९ असेल तर ६,१४४ अधिक ५७, म्हणजे ६,२०१.

या सूत्रातले 'गुणिले ३' विसरले तर मजा होते: गाडी एक तृतीयांश वेगाने चालते आणि दर फ्रेमला रंग बदलते, कारण लाल, हिरवा, निळा यांची घरे सरकतात. आडवी जागा ९३४ च्या पुढे गेली तर गाडीचे तोंड उजवीकडून बाहेर पडून डावीकडे, एक ओळ खाली उगवते, आणि शेवटच्या ओळीला रेंजचेक (मर्यादेबाहेर गेल्याची) चूक येऊन कार्यक्रम थांबतो. इमेजसाठी ट्रान्सलेट ० आणि ३७८, स्केल १०२४ आणि १४, मॅट्रिक्समध्ये उंची उणे १४ आणि शेवटी अधिक १४. उणे चिन्ह द्यायचे राहून गेले तर गाडी उलटी, चाके वर. इंटरपोलेट, म्हणजे पिक्सेलमधले रंग गुळगुळीत करणे, बंदच ठेवावे.

काळ आणि पावले

लुकलुक गेली तरी चाल गुळगुळीत होईलच असे नाही. ते दुसरे दुखणे, त्याचे कारण वेळेत असते. फ्रेमचा वेग २५ धरला होता. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम कधी दोन ताजेतवाने होण्यांपुरती टिकते, कधी तीन, आणि गाडी लंगडते. ३० धरल्यावर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन. पण ३० म्हणजे ३३.३३ मिलिसेकंद आणि रिअलटाइम हा घड्याळाचा ऑपरेटर मिलिसेकंद पूर्णांकात देतो. म्हणून थांबण्याचा काळ मोजायचाच नाही; फ्रेम क्रमांक गुणिले १००, त्याला ३ ने आयडिव्ह (पूर्णांकी भागाकार), अधिक सुरुवातीची वेळ, ही त्या फ्रेमची ठरलेली वेळ. या वेळा आपोआप ३३, ६६, १०० अशा पडतात आणि चूक साचत नाही. 'रंगवा आणि मग ३३ मिलिसेकंद थांबा' या पद्धतीत रंगवण्याचा वेळ त्यात भर घालतो आणि गाडी दर स्थानकाला उशिरा पोहोचते. ट्रान्स-हार्बरच्या प्रवाशांना त्यात नवल वाटणार नाही, पण येथे ते टाळता येते.

भाषेत झोपण्याचा ऑपरेटर नाही. लूपमध्ये रिअलटाइम विचारत राहायचे आणि वेळ झाली की एक्झिट. पीसीचा एक कोर पूर्ण व्यापला जातो, पंखा वाजतो, याला इलाज नाही. त्याऐवजी युजरटाइम वापरू नये. तो घड्याळ नव्हे तर कार्यक्रमाने वापरलेला वेळ मोजतो आणि यंत्रावर दुसरे काम सुरू झाले की मागे पडतो.

पाऊल नेहमी पूर्ण पिक्सेलचे. दीड पिक्सेल ठेवले तर प्रत्यक्षात १, २, १, २ असे पडते आणि डोळ्याला ते लगेच कळते. जुन्या नकाशात ठाण्यापासून वाशीपर्यंत आठ स्थानके होती, सात अंतरे, प्रत्येकी १२८ पिक्सेल, एकूण ८९६. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव सुरू झाल्यावर अंतरे आठ झाली, आणि ८९६ ला आठने भागले की ११२, तेही नेमके. दोन पिक्सेलच्या पावलाने ५६ फ्रेम, म्हणजे पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त. दोन्ही बाजूंना ६४ चा समास. ८९६ हा आकडा मुळात कोणी हिशेबाने निवडला होता की योगायोगाने, कोण जाणे; पण असा आकडा नसेल तर समास कमीजास्त करून तो मिळवावा, गाडीच्या पावलाला हात लावू नये.

तुर्भ्याहून नेरुळकडे जाणारी फांदी आधी ४५ अंशांत तिरकी होती. तिरके पाऊल १ व १ ठेवले तर १.४१ पिक्सेल पडते, २ व २ ठेवले तर २.८३, मूळ वेगाशी दोन्ही जुळत नाहीत. गाडी फिरवून तिचे वेगळे बाइट करणे शक्य होते, पण नकाशाच सरळ केला: फांदी खाली उतरवून दुसरी आडवी पट्टी. गाडी तुर्भ्याला थांबते आणि खालच्या पट्टीवरून पुढे निघते. थांब्यात केलेली अदलाबदल कोणी पाहत नाही.

थांब्याचा आणखी एक उपयोग झाला. दर काही सेकंदांनी गाडी क्षणभर गचका खात होती. कारण कचरा उचलणे: इंटरप्रिटर वापरून झालेली मेमरी अधूनमधून स्वतःहून गोळा करतो. व्हीएमरीक्लेम या ऑपरेटरला उणे २ दिले की हे आपोआप होणे बंद होते, आणि गाडी स्थानकात उभी असताना १ देऊन आपणच ते करून घ्यायचे. मूळ फाइलीत दर फ्रेमला नवी स्ट्रिंग तयार होत होती, तोच कचरा. दोन स्ट्रिंगा एकदाच केल्यावर उचलायला फारसे काही उरले नाही.

एक मर्यादा राहिली. पोस्टस्क्रिप्टला मॉनिटर केव्हा ताजा होतो हे कळत नाही, त्यामुळे पट्टी अर्धी जुनी, अर्धी नवी दिसण्याचा क्षण येऊ शकतो. चौदा ओळींत आणि दोन पिक्सेलच्या फरकात तो जाणवत नाही. मोठ्या, वेगवान चित्रात जाणवेल. शाळेने मॉनिटर दुसऱ्या खोलीत ठेवून नेटवर्कवरून दाखवता येईल का असे विचारले होते. खिडकीत दर पिक्सेलला चार बाइट धरले तर पट्टीपुरते सेकंदाला १७,२०,३२० बाइट जातात, १०० मेगाबिटच्या वायरवर ते चालते. जुन्या पद्धतीने अख्खी खिडकी पाठवायची तर ९ कोटी ४३ लाखांवर बाइट लागले असते आणि त्या वायरीवरून सव्वा कोटीच जातात.

छपाईसाठी फाइलीत एक अट आहे. कमांड ओळीत ॲनिमेशनचे नाव दिले असेल तर ते सिस्टीमडिक्टमध्ये सापडते आणि लूप चालतो. नसेल तर नकाशा, ऐरोलीला उभी गाडी आणि शोपेज. छापताना गाडी बाइटमधून नव्हे तर पाथने, म्हणजे रेषांच्या वर्णनातून, काढली जाते. १०२४ एकके सहा फुटांवर ताणली की पडद्यावरचा एक पिक्सेल फ्लेक्सवर जवळजवळ १.८ मिलिमीटरचा चौकोन होतो, आणि पाथने काढल्यामुळे चौकोनी केलेले नाक फ्लेक्सवर पुन्हा गोल ठेवता आले.